चारशे वाचकांचं पुस्तक कुणी काढायचं? युनिव्हर्सिटी प्रेसचं बदलत गेलेलं काम

तळटीप

एप्रिल २०१९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने आपल्याच प्रेसला, म्हणजे विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेला, मिळणारी वर्षाची १७ लाख डॉलरची मदत थांबवायचं ठरवलं. विद्यापीठाची गंगाजळी तेव्हा २६ अब्ज डॉलरच्या वर होती आणि प्रेस १८९२ पासूनची. प्राध्यापक, विद्यार्थी, बाहेरचे अभ्यासक असे शेकडो लोक विरोधात उभे राहिले. पत्रं गेली, सह्या झाल्या, आणि प्रशासनाला मागे यावं लागलं.

हे इथे सांगायचं कारण असं. याच प्रेसने २०२२ मध्ये शैलजा पैक यांचं तमाशातल्या दलित स्त्री कलावंतांवरचं इतिहासाचं पुस्तक काढलं. येरवड्यात वाढलेल्या, आता सिनसिनाटीला शिकवणाऱ्या या बाईंना २०२४ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, तेव्हा आपल्याकडच्या सगळ्या पेपरांत बातमी आली. पण ते पुस्तक ज्या छपराखाली तयार झालं ते छप्परच तीन वर्षं आधी उडणार होतं, हे त्या बातम्यांत नव्हतं. नामदेवांच्या परंपरेवरचं ख्रिश्चन नोवेट्झके यांचं काम आणि मराठी इतिहासलेखनावरचं प्राची देशपांडे यांचं पुस्तक कोलंबिया विद्यापीठाच्या प्रेसने काढलं, महाराष्ट्रातल्या जातिप्रश्नावरचं अनुपमा राव यांचं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रेसने. आपल्या मातीवरचं इतकं काम ज्या संस्था करतात त्यांचं काय चाललंय, यावर मराठीत बोलणं व्हायला हवं असं फार दिवस वाटतंय, म्हणून हा धागा.

मी पुण्यात बसून अशा प्रेसेससाठी कॉपी एडिटिंग करते, पुस्तकाच्या शेवटची शब्दसूची करते. काम कसलं असतं ते एका नमुन्यावरून सांगते. अठराव्या शतकातल्या महसुलावरचं हस्तलिखित होतं. दुसऱ्या प्रकरणात एका गावाचं नाव एका स्पेलिंगने, पाचव्यात दुसऱ्याच. पेशवे दप्तरातल्या एका कागदाचा रुमाल (म्हणजे कागदांचं गाठोडं) क्रमांक तळटीपेत एक आणि परिशिष्टात वेगळा. ‘वतन’ हा शब्द कुठे तिरका, कुठे सरळ, कुठे इंग्रजी अनेकवचनाचा एस लावून. ळ साठी एल खाली टिंब द्यायचं ठरलेलं, पण अर्ध्या पुस्तकात टिंब नाही. प्रत्येक ठिकाणी लेखकाला प्रश्न लिहायचा, उत्तर आलं की सगळीकडे एकसारखं करायचं. शेवटी सूचीत ‘इनाम’ शोधणाऱ्याला ‘वतन’पाशीही पोचवायचं. हे कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण वीस वर्षांनी तो रुमाल शोधत दप्तरात जाणाऱ्या विद्यार्थ्याचा एक आठवडा त्यावर वाचतो किंवा फुकट जातो.

आता पैशांचं. १८७८ मध्ये जॉन्स हॉपकिन्सची प्रेस सुरू झाली तेव्हा अध्यक्ष गिलमन यांची भूमिका अशी होती, की ज्ञान वर्गात येणाऱ्यांपुरतं ठेवायचं नाही, दूरवर पोचवायचं, आणि हे विद्यापीठाचं कर्तव्यच आहे. पुढे शंभर वर्षं हे चाललं ते ग्रंथालयांच्या जिवावर. १९७० च्या आसपास गंभीर अभ्यासग्रंथाच्या हजार-दीड हजार प्रती सहज जायच्या, त्यातल्या बहुतेक ग्रंथालयांत. मग विज्ञानाच्या जर्नल्सच्या वर्गण्या दरवर्षी भरमसाट वाढू लागल्या. त्या बंद करता येत नाहीत, म्हणून कात्री लागली पुस्तकांना. आज तसल्याच पुस्तकाच्या तीन-चारशे प्रती गेल्या तरी बरं म्हणायचं.

आणि खर्च? अमेरिकेतल्या इथाका या संस्थेने २०१६ मध्ये २० युनिव्हर्सिटी प्रेसेसची ३८२ पुस्तकं घेऊन हिशेब मांडला. एका अभ्यासग्रंथाचा खर्च कमीत कमी १५ हजार डॉलर, जास्तीत जास्त १ लाख २९ हजार. चारशे प्रतींत हे वसूल होणं शक्य नाही. तेव्हा प्रश्न असा, की बाजार ज्याचा खर्च काढून देणार नाही पण जे व्हायलाच हवं, असं पुस्तक कुणी काढायचं? माझं मत आधीच सांगते. विद्यापीठानेच. आणि मराठीतही.

---

कृष्णाकाठचा ग्रंथपाल

विषय काढलात ते बरं केलंत. सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजचं ग्रंथालय सांभाळतो. तिकडून येणारं बांधीव पुस्तक आठ-दहा हजारांना पडतं. आमचं वर्षाचं पुस्तकांचं बजेट बघता अशी दोन पुस्तकं घेतली की प्राध्यापक मंडळी विचारतात, पाठ्यपुस्तकांचं काय? भारतीय आवृत्ती निघाली तर हजाराच्या आत-बाहेर मिळते. निघाली तर! आणि ती निघेपर्यंत दोनेक वर्षं सहज जातात.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची योजना आल्यापासून जर्नल्सची परिस्थिती खरोखर सुधारली आहे. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी, ३० प्रकाशक, १३ हजारांच्या आसपास जर्नल्स. आमच्या पोरांना पूर्वी जे स्वप्नातही दिसलं नसतं ते मोबाइलवर उघडतं. पण ही योजना जर्नल्सची. इतिहास, समाजशास्त्र, मराठी या विषयांचा कणा पुस्तकांचा आहे आणि पुस्तकं त्यात नाहीत.

---

अनिकेतव

वेगळं मत मांडतो. मी सॉफ्टवेअरमधला, पण घरात संशोधक आहेत. लेखक फुकट लिहितो, परीक्षक जवळजवळ फुकट तपासतात, टाइपसेटिंग चेन्नई-पुदुच्चेरीला होतं, छपाई मागणीनुसार एकेक प्रत होते. मग हे हजारो डॉलर जातात कुठे? लेखकाने पीडीएफ टाकावी, ज्याला हवी त्याने उतरवून घ्यावी. भौतिकशास्त्रवाले अर्काइव्ह या खुल्या संकेतस्थळावर १९९१ पासून हेच करताहेत. प्रेस नावाचा मधला थर हवाच कशाला?

---

तळटीप

अनिकेत, प्रश्न रास्त आहे. इथाकाच्या हिशेबातच उत्तर आहे. सगळ्यात मोठा खर्च कागदाचा नाही की छपाईचा नाही, माणसांच्या वेळेचा आहे, आणि त्यातही सर्वाधिक वेळ पुस्तक मिळवणाऱ्या संपादकाचा. तो प्रबंध वाचतो, परिषदांना जातो, लेखकाला सांगतो की यातली तीन प्रकरणं तुझ्या गाईडसाठी लिहिलेली आहेत, ती काढ. मग निदान दोन बाहेरचे अभ्यासक पूर्ण हस्तलिखित वाचून अहवाल देतात, लेखक त्यांना लेखी उत्तर देतो, आणि सगळं विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या समितीपुढे जातं. तिने मान्य केल्याशिवाय करार पक्का होत नाही. ऑक्सफर्डमध्ये या समितीच्या सदस्यांना डेलिगेट म्हणतात, केंब्रिजमध्ये सिंडिक.

भौतिकशास्त्रातला लेख दहा पानांचा, वाचणारे त्याच विषयातले. साडेतीनशे पानांचा युक्तिवाद उभा राहतोय की नाही हे बघायला कुणीतरी सगळं सलग वाचावं लागतं. पीडीएफ चढवणं पाच मिनिटांचं काम आहे हे मान्य. त्याआधीची दोन वर्षं मी म्हणतेय.

---

मिडवेस्टमधून

वाचतोय. इथे अमेरिकेत एका सरकारी विद्यापीठात शिकवतो, त्यामुळे लेखकाच्या बाजूने लिहितो.

आमच्या विषयात कायम नोकरी मिळायची तर पहिलं पुस्तक युनिव्हर्सिटी प्रेसकडून येणं जवळपास सक्तीचं आहे. म्हणजे ज्या विद्यापीठांना स्वतःची प्रेस नाही, तीसुद्धा दुसऱ्याच्या प्रेसच्या निर्णयावर आपल्या नेमणुका करतात. परीक्षण एकाच्या खर्चाने, फायदा सगळ्यांना. शंभराहून जास्त प्रेसेस हा भार उचलतात आणि बाकीची हजारो विद्यापीठं तो वापरतात. माझ्या मते गाठ इथे आहे. म्हणूनच प्रत्येक मंदीत कुठल्यातरी कुलगुरूला वाटतं की आपणच का पैसे भरायचे. मिसूरीने २०१२ मध्ये प्रेस बंद करायची घोषणा केली होती, काही महिन्यांत मागे घ्यावी लागली. ॲक्रनला २०१५ मध्ये तसंच झालं.

माझ्या पुस्तकाचं सांगायचं तर दुसऱ्या परीक्षकाचा अहवाल अकरा पानी होता. त्याने चौथ्या प्रकरणातला मुख्य दावा खोडून काढला होता, तोही मी वापरलेल्याच बखरीतला पुढचा परिच्छेद दाखवून. ते प्रकरण मी नव्याने लिहिलं. पुस्तकातलं आज सर्वांत जास्त वाचलं जाणारं प्रकरण तेच आहे. तो परीक्षक कोण हे मला अजून माहीत नाही. त्याला मानधन म्हणून शे-दोनशे डॉलर किंवा प्रेसची पुस्तकं मिळाली असतील, बस.

आता ओपन ॲक्सेसकडे, म्हणजे पुस्तक ऑनलाइन सर्वांना फुकट खुलं ठेवण्याकडे वळू, कारण खरा बदल तिथे होतोय. पहिल्यांदा जी पद्धत आली ती लेखकाकडून पैसे घ्यायची. एका पुस्तकाला दहा हजार पौंडांच्या आसपास. श्रीमंत प्रयोगशाळेला परवडेल, बखरींवर काम करणाऱ्याला नाही, आणि भारतातल्या कॉलेजात शिकवणाऱ्याने तर विचारही करू नये. मग २०१७ ते २०२२ अमेरिकेत टोम नावाचा प्रयोग झाला, त्यात लेखकाच्या विद्यापीठाने पुस्तकामागे १५ हजार डॉलर द्यायचे आणि पुस्तक सर्वांना खुलं. कॅलिफोर्नियाच्या प्रेसने २०१५ मध्ये लुमिनोस ही खुल्या पुस्तकांची योजना काढली, तिथे खर्च लेखकाचं विद्यापीठ, ग्रंथालयं आणि प्रेस यांच्यात वाटला जातो. लंडनच्या यूसीएल विद्यापीठाने त्याच वर्षी अख्खी प्रेसच खुल्या पुस्तकांची उभी केली. तिची पुस्तकं लाखोंनी उतरवली जातात.

मला सर्वांत पटलेली पद्धत एमआयटी प्रेसची, २०२१ ची. नाव ‘डायरेक्ट टू ओपन’. ग्रंथालयांनी आधीच वर्षाची वर्गणी भरायची. ठरलेली रक्कम जमली की त्या वर्षीचे अभ्यासग्रंथ जगाला खुले. वर्गणीदारांना जुन्या पुस्तकांचा संग्रह वापरायला मिळतो. लेखकाकडून छदाम नाही. सांगलीचं कॉलेज आणि हार्वर्ड, दोघांनाही पुस्तक त्याच दिवशी मिळतं.

---

कृष्णाकाठचा ग्रंथपाल

ही भिशीसारखी पद्धत झाली. पटली!

---

वऱ्हाडी मास्तर

नागपूरहून लिहितो. निवृत्त आहे, राज्यशास्त्र शिकवलं.

तरुण मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो. हा प्रयोग आपल्याकडे झाला होता आणि तो सरकारनेच केला होता. साठच्या दशकाच्या शेवटी केंद्राने योजना आणली, प्रत्येक राज्याला एक कोटीपर्यंत रक्कम, विद्यापीठीय दर्जाची पुस्तकं आपापल्या भाषेत काढा म्हणून. त्यातून गुजरातेत ग्रंथनिर्माण बोर्ड, आंध्रात तेलुगू अकादमी, केरळात भाषा इन्स्टिट्यूट आणि आपल्याकडे नागपूरला महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ उभं राहिलं. पदार्थविज्ञान, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, राज्यशास्त्र, सगळ्या विषयांची मराठी पुस्तकं निघाली. आमच्या पिढीतले कितीतरी जण त्यावर शिकले. केरळची आणि तेलुगूची संस्था अजून काम करते. आपलं मंडळ राहिलं नाही. जुन्या कॉलेजांच्या कपाटात त्यांची पुस्तकं सापडतील, पुठ्ठा सुटलेली, पण भाषा आणि परिभाषा अजून वापरण्याजोगी.

ते मंडळ गेलं आणि त्या जागी काय आलं ते जास्त वाईट आहे. युजीसीच्या २०१८ च्या नियमांत आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १२ गुण आणि राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १०. गुण मिळाले की बढती. पुस्तक कुणी तपासलं, कुणी वाचलं, हा प्रश्न त्या तक्त्याला पडतच नाही. मग काय, पंधरा-वीस हजार भरा, महिनाभरात आयएसबीएन या ओळख क्रमांकासकट पुस्तक हातात. माझ्याकडे निवड समितीच्या कामात असली पुस्तकं आली आहेत. एकात अनुक्रमणिकेतलं सहावं प्रकरण पुस्तकात नव्हतंच. दुसऱ्यात एका वेबसाइटवरचा मजकूर ‘इथे क्लिक करा’सकट छापलेला. त्या उमेदवाराला गुण नाकारायची सोय नियमात नव्हती, कारण आयएसबीएन होता.

पैसे देऊन पुस्तक हे दोन्हीकडे आहे, मिडवेस्टवाले. तिकडे दहा हजार पौंड देऊनसुद्धा परीक्षणात नापास होता येतं. इकडे नापास होण्याची सोयच नाही.

---

परखड

युनिव्हर्सिटी प्रेस म्हणजे सगळे साधुसंत, असं चित्र रंगायला लागलंय म्हणून थोडं दुसऱ्या बाजूने.

ऑगस्ट २०१२. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी दिल्ली विद्यापीठावर आणि तिथल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर खटला भरला. का, तर पोरांना अभ्यासक्रमातल्या प्रकरणांच्या झेरॉक्स बांधून दिल्या. म्हणजे ज्ञान दूरवर पसरवण्याचं कर्तव्य सांगणारी विद्यापीठं दुसऱ्या विद्यापीठाला कोर्टात खेचतात. ज्यांचे लेख त्या गठ्ठ्यांत होते त्या अनेक अभ्यासकांनीच याला विरोध केला, अमर्त्य सेन यांनीसुद्धा. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टाने विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला, कॉपीराइट हा काही दैवी किंवा नैसर्गिक हक्क नाही असं न्यायमूर्तींनी लिहिलं, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी माघार घेतली.

२०१७ मध्येच केंब्रिजने चीनमधल्या मागणीवरून आपल्या एका जर्नलचे तीनशेवर लेख तिथल्या वाचकांना बंद केले होते. जगभर ओरड झाल्यावर काही दिवसांत परत उघडले. बाजार मोठा झाला की विद्यापीठ हे नाव राहतं आणि वागणं कंपनीचं होतं.

---

तळटीप

परखड, दोन्ही उदाहरणं बरोबर आहेत आणि दोन्ही मला झोंबलेली आहेत. दिल्लीचा खटला तर अक्षम्य होता असंच मी मानते. कृष्णाकाठच्या ग्रंथपालांचं बजेट ज्याने एकदा पाहिलंय तो झेरॉक्सवाल्याला चोर म्हणणार नाही.

पण ऑक्सफर्ड-केंब्रिज आणि बाकीच्या प्रेसेस यांची गल्लत नको. केंब्रिजची सनद १५३४ ची, आठव्या हेन्रीची. ऑक्सफर्ड भारतात १९१२ पासून आहे, मुंबईतच सुरू झालं. शाळेची पुस्तकं, शब्दकोश, इंग्रजी शिकवण्याची पुस्तकं यांवर ऑक्सफर्ड इतकं कमावतं की उलट विद्यापीठालाच पैसे देतं. तिथे अभ्यासग्रंथ हा व्यवसायाचा एक कोपरा आहे. अमेरिकेतल्या बहुतेक प्रेसेस पंधरा-वीस माणसांच्या, विद्यापीठाच्या मदतीवर टेकलेल्या. त्यांना वर्षाला एखादं पुस्तक चांगलं खपलं तर बाकीची तरतात. लुइझियानाच्या प्रेसने १९८० मध्ये एक कादंबरी काढली जी सगळ्यांनी नाकारली होती, तिला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. हार्वर्डला २०१४ मध्ये अर्थतज्ज्ञ पिकेटींचं पुस्तक तसं लागलं. पण असा योग धरून बजेट मांडता येत नाही.

तुमच्या मुद्द्याला धरूनच एक आठवण करून देते. भारतातल्या ऑक्सफर्डमधून बाहेर पडलेल्या दोन संपादकांनी, रुकुन अडवाणी आणि अनुराधा रॉय यांनी, २००० मध्ये पर्मनंट ब्लॅक हे प्रकाशन काढलं. अगदी छोटं घर. वर मी म्हटलेल्या प्राची देशपांडे, अनुपमा राव, नोवेट्झके यांच्या पुस्तकांच्या भारतीय आवृत्त्या त्यांच्याच. म्हणजे प्रेसची खरी ठेव संपादकाच्या नजरेत असते, ती नजर उठून गेली की पाटी मागे राहते. विद्यापीठांनी जपायचं आहे ते हे.

---

शब्दसखी

सगळे प्रतिसाद वाचले, फार चांगली चर्चा. पण तळटीप, ‘मराठीतही विद्यापीठानेच’ हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये म्हणालात आणि त्यावर कुणी पुढे बोललं नाही.

आपल्याकडे हे जमलेलं आहे. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ला सुरू होऊन १९६६ ला पुरी झाली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सुरुवातीलाच लाखाचं दान कबूल केलं, पुढे सरकार, विद्यापीठं, इतर संस्थानं यांनी भर घातली. सुकथनकरांसारखा संपादक मिळाला. काण्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास तिथूनच निघाला. विकून पैसे वसूल होतील असं कुणाच्याही डोक्यात नव्हतं. मिडवेस्टमधून यांनी सांगितलेली एमआयटीची पद्धत आणि ही, मूळ तत्त्व तेच ना? आधी पैसे, मग पुस्तक, मग सगळ्यांसाठी.

मला भीती वाटते ती वेगळी. मराठी पुस्तकाचं निष्पक्ष परीक्षण करायला माणसं मिळतील का? आपलं वर्तुळ इतकं लहान की नाव झाकलं तरी शैलीवरून लेखक कळतो. आणि विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाने छापलेली पुस्तकं गोदामातून बाहेर येत नाहीत हा अनुभव. एका विद्यापीठाने काढलेला चरित्रग्रंथ मला हवा होता, तर सुट्ट्या प्रतीसाठी डिमांड ड्राफ्ट आणि विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र मागितलं.

---

वऱ्हाडी मास्तर

शब्दसखी, वर्तुळ लहान आहे हे खरं. पण परीक्षक मराठी विभागातलेच हवेत असं कुठे आहे? शेतीच्या इतिहासावरचं मराठी पुस्तक धारवाडचा, बडोद्याचा, गोव्याचा, इंदूरचा मराठी वाचणारा अभ्यासक तपासू शकतो. परदेशातले आहेत, हे मिडवेस्टवाले आहेतच की. नाव झाकता आलं नाही तर उघड ठेवा आणि अहवालावर सही घ्या. सही करायची म्हटलं की माणूस जपून आणि नीट लिहितो.

गोदामाच्या प्रश्नावर उपाय तुमच्याच चर्चेत आला. छापून ठेवायचंच नाही. पीडीएफ खुली, ज्याला कागदावर हवं त्याला मागणीनुसार प्रत. हजार प्रतींचा कागद वाचला तर त्या पैशांत एक पगारी संपादक बसतो. मंडळाच्या काळात ही सोय नव्हती, आता आहे. एका विद्यापीठाला झेपत नसेल तर तीन-चार विद्यापीठांनी मिळून एक संपादक मंडळ नेमावं, वर्षाला पाच पुस्तकं काढावीत. पाचच. पण ‘नाही’ म्हणायचा अधिकार त्या मंडळाकडे ठेवावा, कुलगुरू बदलले तरी.

---

अनिकेतव

मास्तर, हे पटलं. तांत्रिक बाजू मी बघायला तयार आहे, वेबसाइट, युनिकोड टाइपसेटिंग, डीओआय (पुस्तकाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) वगैरे. जोडाक्षरं न तुटता पीडीएफमधून मजकूर शोधता आला पाहिजे, हे मराठीत अजूनही सर्रास चुकतं. तळटीप, तुमचे ते दोन वर्षांचे मुद्दे लक्षात आले. परीक्षण आणि संपादन यांना मी मधला थर म्हणणार नाही.

---

मिडवेस्टमधून

परीक्षणासाठी माझं नाव धरा. तळटीप, एक विचारायचं होतं. गेल्या एक-दोन वर्षांत प्रेसेस लेखकांना पत्रं पाठवताहेत, तुमचं पुस्तक एआयच्या प्रशिक्षणाला द्यायचं का म्हणून. केंब्रिजने २०२४ मध्ये आधी संमती विचारली. सगळेच विचारतात असं नाही. तुमच्याकडे येणाऱ्या करारांत काय दिसतं?

---

तळटीप

करार माझ्यापर्यंत येत नाहीत, माझं काम त्यानंतर सुरू होतं. तरी लेखकांना एवढं सांगेन, की दुय्यम हक्कांचं (पुस्तक इतरांना वापरायला देण्याच्या हक्कांचं) कलम नीट वाचा, जुन्या करारांत ते फार सैल असतं, आणि संमती लेखी विचारा असं प्रेसला कळवा. विद्यापीठाची प्रेस असेल तर समितीतल्या प्राध्यापकांनाही कळवा. त्यांना विचारता येतं, हा खाजगी प्रकाशकापेक्षा असलेला फरक आहे आणि तो वापरला पाहिजे.

मास्तरांच्या पाच पुस्तकांच्या योजनेचा कच्चा मसुदा मी लिहायला घेते. मास्तर, मंडळाच्या काळात हस्तलिखित कोण तपासायचं, मानधन काय असायचं, नाकारलेल्याला कारण कळवायचे का, हे आठवत असेल तर लिहून पाठवाल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

---

कृष्णाकाठचा ग्रंथपाल

मसुदा होईपर्यंत माझ्या कामाचं एक विचारतो. ही जी खुली पुस्तकं आहेत ती आमच्या पोरांना सापडतच नाहीत, कारण ती आमच्या कॅटलॉगमध्ये नाहीत. एकेक करून नोंदी घालायला माणूस नाही. एकगठ्ठा नोंदी कुठे मिळतात का? आमच्याकडे कोहा ही ग्रंथालयाची संगणक प्रणाली आहे.

---

तळटीप

मिळतात. ओएपेन आणि डोॲब या दोन्ही संकेतस्थळांवर खुल्या अभ्यासग्रंथांच्या नोंदी मार्क या ग्रंथालयी स्वरूपात फुकट उतरवता येतात, कोहात थेट चढतात. सगळ्या घेऊ नका, हजारो आहेत आणि निम्म्यांची भाषाच आपल्या कामाची नाही. इंग्रजी भाषा आणि दक्षिण आशिया असं गाळून घ्या. लुमिनोसची आणि यूसीएलची पुस्तकं त्यांत आहेतच. प्रोजेक्ट म्यूज या ऑनलाइन संग्रहावर ‘ओपन ॲक्सेस’ असं वेगळं निवडता येतं, ते निराळं बघा. गाळण्यात अडलं तर इथेच लिहा, अनिकेत आणि मी मिळून यादी करून देतो.